उकळूनही जळजळ परत येते? शरीराच्या आत जाणारी स्टीलची उपकरणं निर्जंतुक करताना नेमकं कुठे चुकतं

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. उपकरण चांगल्या स्टीलचं आहे, दर वेळी उकळून घेतलं जातं, तरी वापरानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला आग होते किंवा योनीतून स्राव आणि खाज सुरू होते. गोळ्यांचा कोर्स होतो, काही दिवस बरं वाटतं, पुढच्या वापरानंतर पुन्हा तेच. मग माणूस उकळण्याची वेळ वाढवत नेतो. दहा मिनिटांची वीस होतात, विसाची चाळीस. फरक पडत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा उष्णतेत नसतोच. तो आधीच्या धुण्यात असतो, नाहीतर नंतरच्या सुकवण्यात, ठेवण्यात आणि लावायच्या जेलीत.

इथे ज्या वस्तूंचा विचार केला आहे त्या म्हणजे योनीसाठीचे धातूचे डायलेटर (मार्ग हळूहळू रुंद करायच्या सळ्या), स्पेक्युलम (योनी फाकवून तपासायचं उपकरण), स्टीलची लैंगिक खेळणी आणि लघवीच्या मार्गात घालायच्या सळ्या, ज्यांना सर्जिकल दुकानात ‘साउंड’ किंवा नुसतं ‘डायलेटर’ म्हणतात. या सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

त्याआधी एक गोष्ट. थंडी वाजून ताप, लघवीतून रक्त, लघवी अडकणं, कमरेत किंवा ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठा. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ असेल ते. मूत्रमार्गातला संसर्ग रक्तात गेला तर एका रात्रीत माणूस गंभीर होतो.

त्रास कधी सुरू होतो, ते आधी बघा

बिघाड शोधायला ही सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी खूण आहे. उपकरण आत जाताच किंवा तासाभरात आग होत असेल, तर जंतूंचा संशय नंतर घ्या. एवढ्या लवकर जंतू त्रास देत नाहीत. तिथे दोषी असतं रसायन: डेटॉलचा अंश, स्पिरिट, साबण नीट न निघणं, जंतुनाशकात बुडवून अर्धवट धुतलेलं स्टील. नाहीतर कमी जेली आणि घर्षण.

एक ते तीन दिवसांनी आग, वारंवार लघवी, वास, गढूळपणा असेल तर संसर्गाची शक्यता मोठी. आणि धातू जिथे टेकतो तिथेच लाली, पुरळ, खाज असेल, नकली दागिने किंवा घड्याळाच्या पट्ट्यानेही तसंच होत असेल, तर निकेलची ॲलर्जी असू शकते. ती कितीही उकळून जाणार नाही. हातमोज्यांच्या लॅटेक्सनेही असंच होतं, म्हणून मोजे बदलून बघायला विसरू नका.

कोणत्या जागेला किती शुद्धता

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी वैद्यकीय उपकरणांची जी तीन गटांतली विभागणी मांडली, तीच आजही जगभरच्या रुग्णालयांत चालते. अखंड त्वचेला लागणाऱ्या वस्तू धुतल्या तरी पुरतं. श्लेष्मल त्वचेला, म्हणजे योनी, गुदद्वार, तोंड यांच्या आतल्या अस्तराला लागणाऱ्या वस्तूंना उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण लागतं, म्हणजे जंतूंचे चिवट बीजाणू सोडून बाकी सगळं मेलं पाहिजे. आणि शरीरातल्या निर्जंतुक भागात जाणाऱ्या वस्तू पूर्ण निर्जंतुक हव्यात, बीजाणूंसकट.

योनीत जंतू मुळातच राहतात, त्यातले बरेचसे उपकारक. मूत्राशय तसं नाही. सळी बाहेरून आत जाताना मुखाजवळचे जंतू ढकलतच पुढे नेते. म्हणून योनीच्या डायलेटरला जे उकळणं चालतं, ते लघवीच्या मार्गातल्या सळीला चालत नाही. तिला दाबाखालची वाफच हवी. अनेकांचं गाडं नेमकं इथे अडतं.

एक स्पष्ट मत इथेच देऊन टाकतो. मूत्रनलिका आकुंचन पावली म्हणून डॉक्टरांनी घरी डायलेशन सांगितलं असेल, तर स्टीलच्या सळीपेक्षा एकदाच वापरायचा, पाकीटबंद निर्जंतुक नेलॅटन कॅथेटर (लघवीच्या मार्गात घालायची प्लास्टिकची नळी) घ्या. मेडिकल चौकातल्या सर्जिकल दुकानांत सगळ्या जाडीचे मिळतात, मऊ असतात, आतून इजा व्हायचा धोका कमी, आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. डॉक्टरांनी सांगितलेलंच नसेल, तर कडक धातू त्या मार्गात घालणं मुळात जोखमीचं आहे. बारीक टोकाची सळी नलिकेच्या भिंतीत वाट काढते आणि मागे कायमचा व्रण ठेवते. निर्जंतुकीकरणाने ती जोखीम जात नाही.

बिघाड एक: घाण शिजवली जाते

रक्त, स्राव, वीर्य, विष्ठेचा अंश यांत प्रथिनं असतात. उपकरण न धुता थेट उकळत्या पाण्यात टाकलं की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि धातूला घट्ट बसतात. त्या थराखालचे जंतू वाफेपासून बचावतात, आणि बऱ्याच वापरांनंतर तिथे चिकट पापुद्रा तयार होतो. जीवशास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात. वरून स्टील चकचकीतच दिसतं.

म्हणून वापर झाल्या झाल्या, पंधरा-वीस मिनिटांच्या आत, उपकरण गार पाण्याखाली धरा. गार म्हणजे खरोखर गार. पाणी ४५ अंशांच्या वर गेलं की प्रथिनं चिकटायचा धोका सुरू होतो, आणि नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. त्या दिवसांत नळाखाली धुऊ नका, सकाळी भरून घरात ठेवलेलं बादलीतलं पाणी घ्या.

मग एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा भांडी धुण्याचं लिक्विड घालून उपकरण दहा मिनिटं बुडवा. सर्जिकल दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते असेल तर उत्तम. त्याचं प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलेली असते, ती पाळा. त्यानंतर पाण्याच्या पातळीखालीच मऊ टूथब्रशने घासा, म्हणजे शिंतोडे तोंडावर उडत नाहीत. हा ब्रश वेगळा ठेवायचा आणि तोही उकळायचा. स्क्रू असलेला भाग उघडा. स्पेक्युलमची पाती पूर्ण फाकवा आणि बिजागरीत ब्रश फिरवा. पोकळ नळीसारखं काही असेल तर २० मिलीच्या सिरिंजने साबणाचं पाणी पाच-सहा वेळा आरपार सोडा, आणि दातांच्या फटीसाठीचा बारीक ब्रश आतून फिरवा. आतून ब्रश फिरत नाही इतकी नळी अरुंद असेल, तर ती घरी निर्जंतुक करायच्या भानगडीत पडू नका.

तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर नको. तारेने ओरखडे पडतात, शिवाय साध्या लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात, आणि तेच पुढे गंजाचे ठिपके होऊन दिसतात. मग लोक स्टीलला दोष देतात.

सिलिकॉनची जेली वापरली असेल तर एका धुण्यात ती निघत नाही. बोट फिरवलं की निसरडं लागतं. साबणाने दोनदा धुवा. त्या थराखाली वाफ पोचत नाही, आणि तो थर दर वापराला वाढत जातो. तेलाचंही तसंच.

धुणं झालं का, ते ठरवायला डोळ्यांवर विसंबू नका. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून खाचा बघा: डायलेटरच्या मुठीजवळची वळी, मण्यांच्या आकाराच्या सळीत दोन मण्यांमधली बारीक मान, स्क्रूचे आटे. तिथे पिवळसर तपकिरी रेघ दिसते, जी नखाने निघत नाही पण टाचणीच्या टोकाने खरवडली तर भुकटी होते. शंका असेल तर त्या खाचेत मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाका. फेस आला तर रक्ताचा अंश असण्याची शक्यता मोठी. फेस न येणं म्हणजे स्वच्छतेचं प्रमाणपत्र नव्हे, पण फेस आला तर पुढे जाण्यात अर्थ नाही, पुन्हा धुवा. तपासून झाल्यावर पेरॉक्साइड पाण्याने पूर्ण काढा.

बिघाड दोन: उकळण्याकडून जास्त अपेक्षा

उकळत्या पाण्याने नेहमीचे जंतू, बुरशी आणि बहुतेक विषाणू मरतात. बीजाणू मरत नाहीत, चाळीस मिनिटं ठेवलं तरी त्यांची खात्री नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण ९९ अंशांनाच उकळतं. हा फरक किरकोळ, पण वेळेत कंजूषी करायला जागा राहत नाही.

योनी किंवा गुदद्वारासाठीच्या, एकाच व्यक्तीच्या वापरातल्या भरीव स्टीलला उकळणं पुरतं. रीत अशी: उपकरण पूर्ण बुडलं पाहिजे, पोकळीत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये, झाकण हवं, आणि पाणी खळखळून उकळायला लागल्यापासून २० मिनिटं. मध्येच दुसरी वस्तू टाकली तर वेळ शून्यापासून. पाण्यात मीठ, सोडा, डेटॉल काही घालू नका. मिठातल्या क्लोराइडने स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून घाण काढता येत नाही.

मुठीला रबर, लाकूड, चिकटवलेला खडा असला तर त्या वस्तूचा विचारच वेगळा. खड्याखालच्या डिंकात जे शिरलं ते तिथेच राहतं.

बिघाड तीन: कुकरमध्ये वाफेऐवजी हवा

घरच्या प्रेशर कुकरची नेहमीची शिट्टी साधारण १४ ते १५ पौंडांच्या दाबाला उचलली जाते. या दाबाला शुद्ध वाफ १२०-१२१ अंशांपर्यंत जाते, म्हणजे लहान ऑटोक्लेव्हचं (दवाखान्यातल्या दाबाच्या वाफेच्या यंत्राचं) काम कुकर करू शकतो. अट एकच: आतली हवा आधी बाहेर गेली पाहिजे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांतला तक्ता सांगतो की १५ पौंड दाबाला सगळी हवा निघाली तर १२१ अंश, निम्मी निघाली तर ११२, आणि अजिबात नाही निघाली तर फक्त १००. शिट्टी तिन्ही वेळा सारखीच वाजते.

करायचं ते असं. कुकर स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा, शक्यतो स्टीलचा, कारण ॲल्युमिनियमच्या कुकरने उपकरणांवर काळे डाग येतात. पाच लिटरच्या कुकरमध्ये पाऊण लिटर पाणी घाला. आत उंच जाळी ठेवा, तिच्यावर उपकरणं, आणि पाण्याची पातळी जाळीच्या खालीच राहिली पाहिजे. उपकरणं एकमेकांवर रचू नका, सांधे उघडे ठेवा, पोकळ भाग तोंड खाली करून तिरका ठेवा. झाकण बंद करा पण शिट्टी लावू नका. वाफेचा सरळ, जोरदार झोत सुरू झाला की पाच मिनिटं तसाच जाऊ द्या, मग शिट्टी ठेवा.

पहिली शिट्टी झाली की आच कमी करा, पण इतकी नाही की आवाजच बंद पडेल. शिट्टीच्या बुडातून सतत बारीक सूं-सूं येत राहिली पाहिजे. ती थांबली म्हणजे दाब उतरला, आणि दाब उतरला की वेळ पुन्हा पहिल्यापासून. शिट्ट्या मोजणं इथे कामाचं नाही. घड्याळ लावा: उघड्या उपकरणांना २० मिनिटं, कापडात किंवा पाकिटात गुंडाळलेल्यांना ३० मिनिटं. ३१० मीटर उंचीमुळे तापमान अर्ध्या-एक अंशाने कमी भरतं, म्हणून वर पाच मिनिटं जास्त दिली तर बिघडत नाही.

झाल्यावर गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचललीत तर एकदम सुटलेल्या वाफेने पाकिटं फुटतात, भिजतात, आणि हात भाजतो तो वेगळा. कुकरचं रबर कडक झालं असेल किंवा झाकणाच्या कडेने वाफ गळत असेल तर त्या दिवशी काम थांबवा, रबर बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह बघून मगच सुरू करा.

ऑटोक्लेव्ह टेप मिळते, तिच्यावर रेघा काळ्या होतात. ती फक्त एवढंच सांगते की पाकिटाला उष्ण वाफ लागली. किती वेळ, किती खोल, ते तिला कळत नाही. त्याऐवजी पाकिटाच्या आत ठेवायची पाचव्या वर्गाची इंटिग्रेटर पट्टी मागा. ती तापमान, वेळ आणि वाफ तिन्हीला प्रतिसाद देते. नवा कुकर असेल तर पहिल्या काही खेपांत एक पट्टी सामानाच्या अगदी मध्यभागी घाला. पट्टी नापास झाली तर बहुतेक वेळा हवा अडकलेली असते, किंवा सामान जास्त कोंबलेलं.

ओव्हनची कोरडी उष्णताही चालते, पण तिला १६० अंशांना दोन तास किंवा १७० ला एक तास लागतो, तोही धातू तापल्यापासून मोजून. घरच्या ओटीजीचा काटा दाखवतो एक आणि आतल्या कोपऱ्यात असतं दुसरं. त्यामुळे भरवसा नको. मायक्रोवेव्हमध्ये धातू घालायचाच नाही. यूव्हीच्या पेटीत सावलीतला भाग तसाच राहतो. जुन्या दवाखान्यांतला फॉर्मलिनच्या गोळ्यांचा डबा तर विसराच: वाफ असमान पसरते, निर्जंतुकतेची हमी नाही, आणि उपकरणावर राहिलेला अंश अस्तराला चांगलाच झोंबतो.

पांढरे डाग, तपकिरी ठिपके

कन्हान-पेंचचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फार फरक पडतो. बोअरचं पाणी जड असेल तर दोन-तीन वेळा उकळल्यावर स्टीलवर पांढरट, खरखरीत थर बसतो. तो कॅल्शियमचा क्षार, विषारी नाही, पण खरखरीत पृष्ठभाग अस्तर खरचटवतो आणि क्षारात घाण लपते. उपाय सोपा: एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे निंबूफूल (सायट्रिक ॲसिड), त्यात १५-२० मिनिटं उपकरण, मग ब्रश आणि भरपूर पाणी. यापुढे कुकरमध्ये आणि शेवटच्या धुण्याला आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. इन्व्हर्टरच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वाफेसाठी चालतं.

तपकिरी ठिपका निंबूफुलाने निघाला आणि खाली धातू गुळगुळीत लागला, तर तो बाहेरून आलेला गंज. शेजारी लोखंडी चिमटा ठेवला असेल. नखाला खड्डा लागला तर धातूच कुजायला लागला आहे. ते उपकरण भंगारात.

पिवळसर किंवा निळसर इंद्रधनुषी झाक ही उष्णतेने पडते, तिला घाबरायचं कारण नाही.

धातू कोणता, हेही एकदा विचारा. ३१६ किंवा ३०४ दर्जाचं स्टील आणि टायटॅनियम चांगलं. चिमटे-कात्र्यांचं ४२० दर्जाचं स्टील चुंबकाला चिकटतं आणि ओलं राहिलं की लवकर गंजतं. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे माल चांगला, असं नाही. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली स्वस्त वस्तूही चिकटत नाही. तिची खूण म्हणजे कडेला किंवा खाचेत दिसणारा पिवळा रंग आणि वर आलेले पापुद्रे. मुलामा सुटलेली वस्तू नाजूक जागी अजिबात नको.

बिघाड चार: डेटॉल, स्पिरिट आणि त्यांचे भाऊबंद

डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवलेली उपकरणं हा घरोघरचा प्रकार. डेटॉल बीजाणूंना मारत नाही, स्यूडोमोनाससारख्या जंतूंवर त्याचा जोर कमी पडतो. पातळ केलेलं डेटॉल किंवा सॅव्हलॉन दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर त्या द्रावणातच हे जंतू वाढू शकतात. म्हणजे वस्तू शुद्ध ठेवण्यासाठी घातलेल्या पाण्यातूनच संसर्ग. त्यात उपकरणावर राहिलेल्या अंशाने आग होते ती निराळी.

७० टक्क्यांचं स्पिरिट पुसण्यापुरतं ठीक. बीजाणू मारत नाही, आणि एचपीव्हीसारख्या, बाहेरचं स्निग्ध आवरण नसलेल्या विषाणूंवर विश्वासाचं नाही. ब्लीच स्टीलला खातं. ग्लुटाराल्डिहाइड २ टक्के, ज्याला दवाखान्यात सरसकट सायडेक्स म्हणतात, ते २० मिनिटांत उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण करतं आणि पूर्ण निर्जंतुकीकरणाला १० तास घेतं, पण त्याची वाफ डोळ्यांना-फुप्फुसांना त्रास देते. घरी ते नकोच. आणि नीट न धुतल्यास अस्तर भाजतं. धुवायचं नळाच्या पाण्याने, तर त्या पाण्यातले जंतू पुन्हा चिकटतात. भारतात लॅपरोस्कोपीच्या जखमांत क्षयाच्या जातकुळीतल्या मायकोबॅक्टेरियाचे चिवट संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यामागे रसायनात बुडवून नळाच्या पाण्यात विसळण्याची ही पद्धत असल्याचं दाखवलं गेलं आहे. रुग्णालयात हे घडतं, तर घरात वेगळं काय होणार?

बिघाड पाच: ओलं उपकरण, चुकीचा डबा

हा सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला मुद्दा. ओलं पाकीट निर्जंतुक धरत नाहीत, कारण ओल्या कागदातून किंवा कापडातून बाहेरचे जंतू पाण्याबरोबर आत ओढले जातात. घरच्या कुकरला सुकवण्याची सोय नसते. दाब पूर्ण उतरल्यावर झाकण बोटभर उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. कुकरच्या उरलेल्या उष्णतेने बरीचशी ओल उडते. गरम पाकीट थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका, खालून लगेच घाम सुटतो. जाळीवर ठेवा.

आणि कुलरसमोर तर मुळीच नको. उन्हाळ्यात नागपुरातल्या घरी वस्तू सुकवायची म्हणजे कुलरपुढे, असं हात आपोआप करतो. कुलरची हवा ओली असते, टाकीतलं पाणी आठ-आठ दिवसांचं, आणि त्याचे बारीक तुषार थेट उपकरणावर येतात. पंख्याचीही धूळ असते. बंद खोलीत, झाकून, स्वतःच्या उष्णतेनेच सुकू द्या. जुलै-ऑगस्टात मात्र पाकीट सुकायला जास्त वेळ लागतो, म्हणून तेव्हा साठवणीच्या फंदात पडू नका. त्या दिवशी लागेल तेवढंच करा.

खरं म्हणजे घरच्या वापराला साठवण लागतच नाही. वापराच्या आधी करा, बंद कुकरमध्ये गार होऊ द्या, आणि वापरा. स्टील बराच वेळ आतून गरम राहतं. अर्धा तास तरी थांबा आणि मुठीची बाजू मनगटाच्या आत टेकवून बघा. उकळलेलं उपकरण काढायला चिमटाही त्याच पाण्यात उकळलेला हवा. टॉवेलने पुसलंत की सगळं मुसळ केरात.

मखमली अस्तराची पेटी, ज्यात ही उपकरणं विकली जातात, ती दिसायला छान. तिचा कापडी खळगा धुता येत नाही. उकळलेलं उपकरण त्यात परत ठेवणं म्हणजे मागच्या वेळची घाण पुन्हा लावणं. स्टीलचा घट्ट झाकणाचा, उकळता येणारा डबा घ्या. इतवारीत सगळ्या मापांचे मिळतात.

बिघाड सहा: जेली आणि हात

उपकरण शंभर टक्के निर्जंतुक आणि त्यावर महिन्यापूर्वी उघडलेली ट्यूब. ट्यूबचं तोंड एकदा बोटाला किंवा उपकरणाला लागलं की आतली जेली निर्जंतुक राहत नाही. लघवीच्या मार्गासाठी एकदाच वापरायची निर्जंतुक जेलीची पाकिटं येतात, तीच घ्या. बधिर करणारी लिग्नोकेन जेली डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको. दुखणं कळेनासं झालं की इजाही कळत नाही. खोबरेल तेल, थुंकी, हँडक्रीम यांतलं काहीच चालत नाही. तेलाने लॅटेक्सचा कंडोमही फाटतो.

खोक्यातले तपासणीचे मोजे निर्जंतुक नसतात. निर्जंतुक हवे असतील तर पाकीटबंद सर्जिकल मोजे, साडेसहा, सात, साडेसात अशा मापात मागा. मोजे घालून मोबाइलला किंवा ट्यूबला हात लावला तर ते बदला. बाहेरची जागा साबण-पाण्याने धुवा, वापरानंतर लगेच लघवी करा.

गुदद्वारात वापरलेलं उपकरण धुऊन, उकळून झाल्याशिवाय योनीकडे आणायचं नाही, आणि ते लघवीच्या मार्गासाठी तर कधीच नाही. त्या जागेचं उपकरण वेगळंच हवं. दोन व्यक्तींत तेच उपकरण फिरत असेल तर नुसतं धुणं अजिबात पुरत नाही: हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो. योनी-गुदद्वाराच्या खेळण्यावर दर व्यक्तीला, दर जागेला नवा कंडोम चढवणं हा व्यवहारी मार्ग. कंडोम निर्जंतुक नसतो, म्हणून मूत्रनलिकेला तो उपाय लागू नाही.

सगळं करूनही त्रास परत आला तर

वापर पूर्ण थांबवा. थांबवूनही आग येत राहिली तर कारण उपकरणातच असेल असं नाही: मधुमेह, मुतखडा, मूत्रमार्ग अरुंद होणं, लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग, यांपैकी काही असू शकतं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांना उपकरणाबद्दल सरळ सांगा. धंतोली-रामदासपेठेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांना यात नवीन काही नसतं, आणि लपवलंत तर ते भलतीकडेच शोधत राहतील.

रिपोर्टमधलं जंतूचं नाव बघा. ई. कोलाय आला तर तो बहुधा स्वतःच्याच आतड्यातला; हात, त्वचा आणि जागांचा क्रम तपासा. स्यूडोमोनास पुन्हा पुन्हा येत असेल तर पाण्याकडे संशय जातो: शेवटचं विसळणं, डेटॉलचा डबा, ओलं पाकीट. हा इशारा आहे, पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. कँडिडा ही बुरशी आली तर रक्तातली साखर तपासून घ्या.

नमुना धारेच्या मधला, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांच्या आत द्या. गाडीच्या डिक्कीत ४५ अंशांच्या उन्हात तो फिरवला तर डबीतलेच जंतू वाढतात आणि रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही.